समोरच्या दाताची डागडुजी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढचं मला नीट सांगता येईल. हिवरखेडात मी जी माती खाल्ली ना, ती गोष्ट आजवर कोणी न हसता पुरी ऐकलेली नाही. माझ्या बायकोनं तर मुळीच नाही. अन् ज्या तोंडानं ती माती खाल्ली, त्याच तोंडातल्या एका दातापायी हे सगळं झालं!

वरचा, अगदी समोरचा दात. लग्नाच्या आधी कबड्डीत त्याचा कोपरा उडाला होता. तेव्हा अकोल्यातल्या एका डॉक्टरांनी तिथं दाताच्याच रंगाचा मसाला भरून दिला. कॉम्पोझिट म्हणतात त्याला. असा बेमालूम भरला की लग्नात कोणाला पत्ता लागला नाही. पण उपरा तो उपराच! वर्षं गेली. रोजचा चहा, मधल्या सुट्टीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा (हो, मास्तर असून खायचो, डोळे वटारू नका) आणि तो तुकडा आधी पिवळा, मग बदामी, मग थेट गुळाच्या खड्यासारखा झाला. त्याच्या अन् खऱ्या दाताच्या मधे एक काळी रेघ पडली. वर्गात मी हसलो की पहिल्या बाकावरची मुलं माझ्या डोळ्यांकडे नाही, त्या रेघेकडे बघायची.

तर त्या दिवाळीच्या सुट्टीत सुनंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, माहेरी अमरावतीला गेली होती. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. म्हटलं, ही परत यायच्या आत दात चकाचक करून टाकू. दार उघडायचं अन् काही न बोलता नुसतं हसायचं! कशी बघत राहील! या वयात असले विचार मनात आणू नयेत म्हणतात. पण आले, त्याला काय करणार?

दाताची डॉक्टरीण तरुण होती. तिनं आरसा घातला, टोकून पाहिलं, हवा मारून पाहिलं. मी आपला छताकडे बघत पडलेलो.

"सर, सगळं काढायची गरज नाही," ती म्हणाली. "कडेला फट पडलीय, तिथं थोडं किडलंय. बाकी आतलं अजून घट्ट आहे. खराब तेवढं काढते, जुन्याला जरा खरबरीत करते आणि वर नवा थर चढवते."

"जुन्यावर नवं चिकटते का पण?"

"नीट साफ करून, कोरडं ठेवून लावलं तर छान धरून राहतं."

मग तिनं हिरडीत सुई दिली. वरचा ओठ गेला, पाठोपाठ अर्धं नाक गेलं, अन् डाव्या डोळ्यातून जी धार लागली ती काही थांबेना. घासणं झालं, जेल लावणं झालं, निळा दिवा झाला. शेवटी हातात आरसा आला. अहाहा! दात असा की सगळ्या चेहऱ्यात तोच तेवढा नवा दिसत होता.

"बधिरपणा उतरेपर्यंत काही खाऊ नका, ओठ चावला जाईल," ती म्हणाली. "आणि दोन दिवस चहा, हळद, खर्रा, रंग चढेल असं काहीही नको."

एवढं ऐकून मी निघालो तो थेट हिवरखेडच्या गाडीत बसलो. घर रिकामं, स्वयंपाकाची बोंब, आणि शांताताईनं आधीच दम दिला होता की सुट्टीत आला नाहीस तर बहीण म्हणू नको.

ती वर्षं तुम्हाला आठवतात ना? कपाशी उभ्या उभ्या लाल पडायची. पेपर उघडला की पहिल्या पानावर आपल्याच भागातल्या कुठल्यातरी गावाचं नाव असायचं, आणि ते चांगल्या बातमीसाठी नसायचं. पारावर माणसं बसायची, पण आवाज नसायचा. अशा दिवसांत, अशा गावात, मी दात चमकवून आलो हे कोणत्या तोंडानं सांगू? म्हटलं, गुपचूप राहायचं. तोंडावर रुमाल धरायचा. विचारलं तर काही नाही म्हणायचं.

इथंच चुकलं.

ताई ओट्यावर बसून डाळ पाखडत होती. मला पाहून उठली.

"आला का गा दिगू! अन् हे काय? डोयात पानी काहून?"

"काई नाई," मी म्हटलं. पण ओठ कुठं जागेवर होता? ते निघालं "हाई आई" असं, अगदी हुंदका गिळल्यासारखं.

"बस. चहा मांडू?"

"नोको."

ताईच्या हातातलं सूप तिथंच थांबलं. "तुले? चहा नोको?"

"मन नाई."

आता मला सांगा, यात काय एवढं? साधं उत्तर दिलं हो मी! पण ताई माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं, झालं, हिला दात दिसला. मी रुमाल आणखी घट्ट धरला.

दुपारी भाऊजी वावरातून आले. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान, मोठा दिलदार माणूस, पण बोलायला कमी. पानं वाढली. ताट पाहिलं तर काय? वरण पिवळं, पिठलं पिवळं, बटाट्याची भाजी पिवळी! एवढी हळद एका ताटात मी आयुष्यात पाहिली नव्हती. मी हात जोडले.

"मास्तर, दोन घास तरी," भाऊजी म्हणाले.

"नाई जात भाऊजी. सुकी भाकर द्या, थोडं दही द्या. तेही मंग. आता नोको."

भाऊजींनी ताईकडे पाहिलं. ताईनं भाऊजींकडे पाहिलं. जेवणं झाली तशी भाऊजी मागच्या खोलीत गेले. डबे-बाटल्यांचा आवाज झाला आणि एक पोतं खांद्यावर टाकून ते समोरच्या घरी ठेवून आले. खोलीला कुलूप लावलं. मला वाटलं, दिवाळीची साफसफाई.

"मास्तर, वावरात येता का फिराले?" ते परत येऊन म्हणाले. मग एकदम दचकून, "नाई, नोको. वावर नोको. इथीच बसू."

त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी आपला शेतीचा विषय काढला. "विहिरीले पानी कसं हाय औंदा? खोल असन ना?"

भाऊजींचा चेहरा पांढराफटक. "तुमाले काय करायचं विहिरीचं?" ते म्हणाले आणि उठून चपला न घालता रस्त्यावर गेले.

परत आले ते हबीबचाचांना घेऊनच. चाचा समोरच राहतात, गाद्या-रजया भरायचं त्यांचं काम. भाऊजींशी लहानपणापासूनची दोस्ती. आल्या आल्या त्यांनी माझा हात धरला, तो सोडलाच नाही.

"चलो मास्तर, माह्या दुकानात बसू. मन रमते तिथी."

दुकानात सगळीकडे कापूस उडत होता. चाचांनी मला गादीवर बसवलं आणि एका जुन्या, गोळे झालेल्या रजईचा कापूस दाखवला.

"देखो मास्तर. लोक म्हणतात, हे काय, हे तर गेलं, फेका. आपुन फेकत नाई. पिंजतो, धूप दाखवतो, थोडी नई रुई टाकतो. बस, फिर से गरम! माणसाचं बी तसंच हाय बेटा."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! हेच तर सकाळी ऐकून आलो होतो.

"अगदी बराबर, चाचा! डॉक्टर बी मले हेच म्हणली."

चाचांचा हात थांबला. "डॉक्टर? तुमी डॉक्टरकडे बी जाऊन आले?"

"सकाळीच."

"या अल्ला," चाचा पुटपुटले आणि त्यांनी माझा दुसराही हात धरला.

मला अजूनही काही कळलं नव्हतं बरं का! मला वाटत होतं, सगळ्यांना दात दिसलाय आणि कोणी भिडेखातर बोलत नाही. म्हणून तर सारखे तोंडाकडे बघतात! बधिरपणा उतरला, भाकर-दही खाऊन झालं, बोलणं सरळ झालं, तरी मी रुमाल सोडला नाही. शरमेनं हो!

तेवढ्यात नवं संकट. दाताची कड जिभेला टोचू लागली. जीभ सारखी तिथंच. बोलता येईना, स्वस्थ बसवेना. डॉक्टरणीला फोन करावा म्हटलं. मोबाइलला रेंज यायची फक्त मागे गोठ्याच्या कोपऱ्यात, तीही ओरडून बोललं तर. भाऊजींना आणि चाचांना चुकवून मी तिथं गेलो. गोठ्याच्या भिंतीपलीकडे ताई गोवऱ्या रचत होती, हे मला काय माहीत? तिला जे ऐकू गेलं, ते तिच्याच तोंडून मी नंतर अनेकदा ऐकलंय. ते असं:

"हॅलो, मॅडम! मी दिगांबर, सकाळचा… नाही हो, सहन होत नाही आता. दिवसभर जीव तिथंच लागून राहिला… छे, घरी कोणालेच सांगतलं नाही. सुनंदाले तर मुळीच नाही!… मी काय म्हणतो मॅडम, एवढ्या वर्षांचं जुनं ते. मधे फट पडलेली, आतून काळं झालेलं. त्याची किती डागडुजी करायची? काढूनच टाकू ना एकदाचं, नवं करू!… हो?… धरून राहील म्हणता?… बरं. दोन दिवस पाहतो. नाहीच जमलं तर मग सोक्षमोक्षच लावून टाकू."

फोन ठेवून मी मोठा उसासा टाकला. पलीकडे गोवऱ्या कोसळल्याचा आवाज आला. मला वाटलं, म्हैस.

त्यानंतरची दुपार मी विसरणार नाही. पाहुण्याचा एवढा मान कोणी ठेवला नसेल! ओट्यावर बसलो तर एका अंगाला भाऊजी, दुसऱ्या अंगाला चाचा. शेजारपाजारचे येऊन बसले. जो येई तो माझ्या पाठीवर हात फिरवी. एका म्हातारीनं तर माझ्या डोक्यावरून हात उतरवून कडाकडा बोटं मोडली. "दिवस जातात रे बाबू," म्हणाली, "वाईट असले तरी जातात." मी मान डोलावली. दुसरं काय करणार? दाताची बातमी एवढी पसरली?

संडासला गेलो तर बाहेर चाचा! आत बसलो तोच आवाज, "मास्तर, हाय ना?"

"हाय."

जरा वेळानं पुन्हा, "मास्तर, बोलत राहा."

"काय बोलू चाचा? इथी?"

"काहीबी बोला. पाढे म्हना."

म्हटले हो! हिवरखेडच्या संडासात बसून मी पाढे म्हटले. मुलांना आयुष्यभर म्हणायला लावले त्याची फेड झाली म्हणायची.

दिवेलागणीला दारात जीप थांबली. त्यातून उतरली कोण? सुनंदा! ताईनं तिला अमरावतीला फोन केला होता, याचा मला पत्ताच नव्हता. केस विस्कटलेले, पदर कसाबसा खोचलेला, हातात पिशवी, तीही तिच्या आईच्या औषधांची. गडबडीत चुकीची उचलून आणलेली. ती ओट्यासमोर आली, सगळ्या माणसांकडे तिनं एकदा पाहिलं, मग माझ्याकडे.

"काढून टाकू म्हनता?" तिचा आवाज कापत होता. "एवढ्या वर्षांचं? फट पडली म्हून काढून टाकता? अन् कोन आहे ते मॅडम?"

मी उभा राहिलो. "कोणती मॅडम?"

"जिले घरच्याआधी सांगतलं ते! मी काय मेली होती का? काही दुखत होतं, काही सलत होतं, तर मले फोन नाही करता येत? एवढे परके झाले का आमी?" आणि ती तिथंच पायरीवर बसून रडायला लागली.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. एकदम नाही, हळूहळू, एकेक करत. चहा. पोतं. विहीर. पाढे. बाप रे!

"सुनंदा," मी म्हटलं, "ती मॅडम दाताची आहे."

"कशाची?"

आता तोंडानं सांगून कोणाला पटलं असतं? मी रुमाल काढला. आणि त्या भरल्या ओट्यावर, सगळं गाव गंभीर चेहऱ्यानं बसलेलं असताना, आख्खे दात विचकून उभा राहिलो!

कुठंतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली तेवढीच.

पहिले चाचा हसले. "दात? दात के वास्ते? मास्तर, तुमी मले संडासच्या दारात उभं केलं, दात के वास्ते?" मग भाऊजी. मग सगळा ओटा. म्हातारी तर हसता हसता भिंतीला टेकली. मीही हसलो, आता लपवायला काय राहिलं होतं?

ताई तेवढी हसली नाही.

ती चौकटीत उभी होती, दाराला धरून. मी जवळ गेलो. "ताई, चुकलं गं माझं. मले सांगायची लाज वाटली."

"आपला माणिक गेला ना पोळ्याच्या आदी," ती म्हणाली. माणिक म्हणजे गल्लीच्या टोकाचा, माझ्याच वयाचा. तो गेल्याचं मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. "आदल्या दिशी इथीच आला होता रे. याच ओट्यावर बसला. म्या ईचारलं, काय झालं बाप्पा? काई नाई म्हने. चहा मांडू का? नोको म्हने, मन नाई. अन् म्या आत गेली. दूध उतू जाऊन राह्यलं होतं. परत ईचारलंच नाई त्याले."

हसणं थांबलं होतं.

"म्हून म्या ठरवलं," ती म्हणाली, "आता कोनी काई नाई म्हटलं, तर सोडाचं नाई. हसले लोक त हसले. दात निंघाला त दात निंघाला. पन सोडाचं नाई."

तिचा हात धरून उभा राहिलो. संध्याकाळचा गोठा झाडताना शेणानं बरबटलेला होता, तसाच धरला. सुनंदा उठून आली आणि तिनं ताईला कवेत घेतलं. त्या दोघी जरा वेळ तशाच रडल्या. भाऊजी दुसरीकडे बघत म्हणाले, "पोतं राहू दे समोरच. तिथीच बरं हाय." चाचांनी मान हलवली. ते फवारणीच्या औषधांचं पोतं त्यानंतर कित्येक हंगाम चाचांकडेच राहिलं, लागेल तेवढं भाऊजी मागून आणायचे.

ही एवढी माया मी त्या दिवशी फुकटात लाटली, दुसऱ्याच्या वाट्याची असावी तशी. पण थांबा, माझी फजिती अजून संपलेली नाही.

सगळे जरा सावरले तसे भाऊजी बॅटरी घेऊन आले. "पाहू तरी द्या मास्तर, ज्याच्यापायी दिवसभर आमचा जीव टांगला, तो दात कोन्ता?"

मी आ केला. भाऊजींनी बॅटरी मारून पाहिलं. "मले त सारे सारखेच दिसून राह्यले." चाचांनी पाहिलं. "हां भई, पता नाई चलता." म्हातारीनंही वाकून पाहिलं आणि दोन-चार दात शिल्लक असणाऱ्याच्या अधिकारानं म्हणाली, "चांगले हायेत."

माझी छाती अशी फुगली! याला म्हणतात काम! एवढी माणसं बॅटरी घेऊन शोधताहेत आणि सापडत नाही! मी ऐटीत बोट वर केलं, दातावर ठेवलं आणि सगळ्या ओट्याला ऐकू जाईल असं म्हणालो, "हा!"

सुनंदानं माझं बोट धरलं, अलगद उचललं आणि एक घर सरकवून ठेवलं.

"तो तुमचा सोताचा आहे," ती म्हणाली. "भरलेला दात हा."